निळ्या डोक्याचा चिमटा

बेकर्स फोर्ड, इंडियाना
शनिवार, १० मे १९२४

प्रिय टिली,

मंगळवारी सकाळी तुमच्या ओसरीच्या पायरीवरून तू कपड्यांचा तो लाकडी चिमटा उचललास, त्या क्षणी माझं घर माझं राहिलं नाही. तुला काहीच कळलं नाही, आणि कळणार तरी कसं? चिमट्यात अडकवलेला घडीचा कागद उलगडून तू तो भाषणासारखा मोठ्यानं वाचलास. प्रत्येक पदाला एकेक नाव, आणि सर्व्हेअरच्या पदापुढे तुझ्या वडलांच्या जागी त्या कोंबडीचोर वाइली ग्रबचं नाव. मग म्हणालीस, "बघ रे एल्डन, आम्ही कॅथलिक, पोपची माणसं, तरी आम्हालासुद्धा कागद टाकून गेले. किती मनमिळाऊ टोळी आहे!" कागद चुलीत गेला. चिमटा तू एप्रनच्या खिशात टाकलास, "तेवढाच नफा" म्हणालीस, आणि मी हसलो नाही म्हणून मला कोपर मारलंस. मी तुझ्या खिशाकडे बघत होतो. त्या चिमट्याचं डोकं निळं होतं.

हे सगळं समोर बसून सांगायला हवं, मला माहीत आहे. पण समोर आलो की माझं काय होतं ते तुला माहीत आहे. आधी आवाज चढतो, मग मूठ वळते, आणि सांगायचं राहून जातं. मार्चमध्ये तुझं पत्र आलं तेव्हाही तेच झालं. ब्लूमिंग्टनला रसायनशास्त्राच्या तासाला पुस्तकात लपवून वाचत होतो. तुमच्या चर्चच्या दाराला कोणीतरी पत्रक डकवलं होतं, की सर्व्हेअर फर्डिनंड वेर्नके शेतांतून जे चर खणवतो त्यांचे नकाशे रोमला जातात, वेळ आली की पोपचं सैन्य त्या चरांतूनच येणार. तू विनोद म्हणून लिहिलं होतंस. खाली लिहिलं होतंस, 'बाबा हसले, पण जेवले नाहीत.' ते वाचलं आणि मी उठलो. प्राध्यापक म्हणाले, "मिस्टर प्रूइट, कुठे?" मी टोपी उचलली आणि दार असं आपटलं की फळीवरच्या बाटल्या वाजल्या. घरी पोचलो तेव्हा माझे बाबा मागच्या खोलीतून न बघताच आईला म्हणाले, "लव्हिना, दार आपटलं बघ. कॉलेज सुटलं वाटतं." त्यांना मी दारावरूनच कळतो. आई म्हणाली, "एका पोरीपायी?" पण म्हणताना हसली. तू तिला आवडायचीस. आवडतेस. इथंच तर सगळी गाठ आहे, टिली.

मला खरंच वाटलं होतं की मी तुझ्या वडलांना निवडून आणीन. आपल्या काउंटीत पक्षाच्या आतल्या निवडणुकीत जो जिंकला तो नोव्हेंबरातही जिंकलाच, एवढं शेंबडं पोरही जाणतं. आणि पक्षाचा काउंटी अध्यक्ष माझाच बाप. बाबांची जुनी फोर्ड घेऊन मी शेताशेतातून फिरलो. सगळ्यांनी ताक पाजलं. सगळे म्हणाले, "फर्डिनंड ना? देवमाणूस. आमचं खालचं शेत दरवर्षी बुडायचं, त्यानं कोरडं केलं." मत देणार ना विचारलं की माणूस एकदम आभाळाकडे बघायचा आणि म्हणायचा, पाऊस लांबला यंदा. मला वाटायचं, लाजतात. आता हसू येतं स्वतःचं. न्हाव्याच्या दुकानातला तमाशा तू ऐकलाच आहेस, पण लोकांकडून. खरं असं झालं की ऑर्विल टीग दाढीचा फेस तोंडाला लावून बसला होता आणि मला बघून म्हणाला, "काय जावईबापू, सासऱ्यांनी रोमहून कुदळ मागवली की इथलीच चालवतात?" सगळे हसले. एवढ्यावर थांबला असता तर मीही हसलो असतो. पण तो पुढे म्हणाला, "लग्नात मुका कोणाचा घेणार, नवरीचा की पोपच्या अंगठीचा?" मग मी त्याला फेसासकट खुर्चीतून खाली काढला. त्या संध्याकाळी तुझे वडील मला म्हणाले, "पोरा, टीगच्या घरात पाच मतं होती." रागावले नाहीत. फक्त सांगितलं. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

बाबांबद्दल तुला वाटतं तसं नाही, आणि मला वाटत होतं तसंही नाही. ते कू क्लक्स क्लॅनमध्ये, कॅथलिकांवर उठलेल्या त्या टोळीत, नाहीत. गेल्या वर्षी जत्रेच्या मैदानावर पांढरे झगे आणि टोकदार टोप्या घालून अर्धं गाव चालत गेलं, तेव्हा ते आमच्या धान्याच्या दुकानाच्या दारात उभे राहून धान्याच्या गाड्या मोजत होते. बुटांवरून माणसं ओळखत होते. "तो क्लेम. तो आपला पोस्टमास्तर. चादर घेतलीये, पण बूट तेच." हसत होते ते. मग जानेवारीत डॉक्टर क्रॅबिल दुकानात आला. दाताचा डॉक्टर, तुझीही दाढ त्यानंच काढली होती. गावातल्या त्या टोळीचा तो मुख्य आहे हे सगळ्यांना माहीत होतं आणि कोणी म्हणत नव्हतं. मागच्या खोलीत शेगडीपाशी बसून त्यानं बाबांना सांगितलं, "हार्लन, तुमच्या सगळ्या माणसांना आमचा पाठिंबा. शेरीफ तुमचा, खजिनदार तुमचा. फक्त एक नाव बदला." बाबांनी हो म्हटलं नाही. नाही पण म्हटलं नाही. मी एप्रिलमध्ये भांडलो तेव्हा म्हणाले, "मी झगा घातलेला नाही, एल्डन. मी मतं मोजली. काउंटीतले निम्मे मतदार त्यांच्याकडे आहेत. एका माणसावर पक्ष वाचत असेल तर वाचवायचा नाही? नोव्हेंबर होऊ दे. आपण त्यांना वापरून घेऊ आणि झटकून टाकू." मी म्हटलं, आजोबा कशासाठी लढले होते? आमच्या बैठकीत आजोबांचा फोटो आहे ना, निळ्या गणवेशातला. दक्षिणेत जाऊन गुलामगिरी मोडणाऱ्या फौजेतले. याच पक्षावर जीव टाकणारे. बाबांनी त्या फोटोकडे पाठ करून वर्तमानपत्र उघडलं.

आता चिमट्याचं सांगतो. आमच्या स्वयंपाकघराचं जाळीचं दार निळं आहे. मी लहान असताना बाबांनी रंगवलं, आणि उरलेल्या रंगात आईनं कपड्यांच्या चिमट्यांची डोकी बुडवली. वारा सुटला की शेजारणींचे चिमटे एकमेकींच्या गवतात जायचे आणि बायकांची भांडणं व्हायची. तेव्हापासून दर वसंतात ती नवे चिमटे आणते, निळ्यात बुडवते आणि खिडकीत वाळत ठेवते. अख्ख्या गावात निळ्या डोक्याचे चिमटे आमचेच. दोन पायांवर उभे राहतात, वर गोल डोकं, त्यावर निळी टोपी. मी त्यांची फौज करायचो. प्रत्येकाला नाव होतं. सगळ्यांत उंच होता तो आजोबा.

आणि आता आठवतो तो सोमवार. निवडणुकीचा आदला दिवस. माझ्या जन्मात आईचा सोमवार कधी चुकलेला नाही. ताप असला तरी सोमवारी दोरीवर कपडे असतात. त्या सोमवारी ऊन कडक होतं, वारा छान होता, आणि आमची दोरी रिकामी. मी विचारलं, बरं नाही का? ती म्हणाली, "उद्या धुईन." मी फोर्ड घेऊन निघालो. आमच्या गल्लीत टार्पबाईंची दोरी रिकामी. टीगच्या घरी दोरी रिकामी, चादरी कुंपणाच्या झुडपांवर पसरलेल्या. पोस्टमास्तरच्या अंगणात बायको ओले शर्ट ओसरीच्या कठड्यावर टाकत होती. मला वाटलं, उद्याच्या गडबडीत आहेत बायका. तुमच्या गल्लीला वळलो तर एक तुमचं अंगण भरलेलं. तुझ्या वडलांचे शर्ट, तुझा तो पिवळा झगा, उशांचे अभ्रे, सगळं वाऱ्यावर फडफडत होतं. मला केवढा आनंद झाला होता, माहीत आहे? मी गाडीतून हात हलवून ओरडलो, "आपला झेंडा लागला!" आणि तू अभ्रा हलवून दाखवलास. टिली, गावात त्या दिवशी ज्यांच्या दोऱ्या रिकाम्या होत्या त्यांचे चिमटे कुठे गेले होते, ते मला दुसऱ्या सकाळी तुझ्या पायरीवर दिसलं. मोटारीतून नुसता कागद फेकला तर उडून जातो. चिमटा लावला की पायरीवर पडतो, आणि मतदानाला जाताना माणूस तो खिशात घालून नेतो.

तरी मी दोन दिवस स्वतःला फसवत राहिलो. वाऱ्यानं उडून गेला असेल. कोणी दोरीवरून चोरला असेल. मंगळवारी संध्याकाळी निकाल लागला, ग्रब दुपटीनं पुढे, आणि तुझे वडील त्याचा हात हातात घेऊन म्हणाले, "वाइली, कॉटनवूडचा चर यंदा साफ करून घे, गाळ साचलाय." घरी येताना मला म्हणाले, "आता रविवारी मासे धरायला येतोस का?" तू रस्ताभर त्यांचा दंड धरून होतीस. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. माझ्या तोंडात शब्द होते. पण तू म्हणालीस, "गुरुवारी आईचा लग्नातला पोशाख घेऊन तुझ्या आईकडे येणार आहे. आता तरी एक चांगली गोष्ट होऊ दे," आणि ते शब्द मी गिळले.

गुरुवारी तू आलीस. मी कोठीच्या दारात उभा होतो. आईनं तुझे सुजलेले डोळे बघितले आणि तुला कुशीत घेतलं, दालचिनीचा केक कापला, म्हणाली, "माणसं मूर्ख असतात गं पोरी." तू स्टुलावर उभी राहिलीस. तुझ्या आईचा तो मोत्यांच्या रंगाचा पोशाख तुला कमरेत सैल होत होता. माझी आई गुडघ्यांवर बसून, तोंडात टाचण्या धरून, घेरभर फिरत होती. आणि तू, पहिल्यांदाच 'मिसेस प्रूइट' न म्हणता म्हणालीस, "आई, इथे जरा ओढतंय." आईनं तोंडातल्या टाचण्या हातावर काढल्या, कारण तिला रडू येत होतं. खरं रडू, टिली. मी शपथेवर सांगतो. मी बाहेर गेलो आणि पिशवीत हात घातला. दोरीपाशी टांगलेली ती चिमट्यांची पिशवी. आत दुकानातून आणलेले नवे चिमटे, पांढरी लाकडं, डोकी अजून न रंगवलेली.

तू गेल्यावर मी विचारलं. तिनं लपवलं नाही. लपवण्यासारखं आहे असं तिला वाटतच नव्हतं. "अरे, सगळ्यांनीच दिले. मंडळात सांगितलं, घरटी पिशवीभर आणा. मी आपले जुने दिले." मला वाटायचं गुरुवारचं मंडळ चर्चच्या बायकांचं आहे. आजाऱ्यांना बघायला जातात, फुलं नेतात, गाणी म्हणतात. हो, तेही करतात, आणि क्रॅबिलच्या टोळीची कामंही. मी म्हटलं, ते कागद टिलीच्या वडलांविरुद्ध होते. ती माझ्याकडे अशी बघत राहिली जसं काही मीच विचित्र बोलत होतो. "त्यात टिली कुठे आली? टिली आपली आहे. लग्न झालं की आपल्याच चर्चमध्ये येईल. फर्डिनंडबद्दल माझ्या मनात काहीही नाही. उद्या तो आजारी पडला तर पहिलं भांडं माझ्या घरून जाईल." आणि जाईल, टिली! तेच तर मला झोपू देत नाही. ती कोंबडीच्या रश्शात शेवया घालून, वर फडकं बांधून, स्वतः घेऊन जाईल, आणि तुझ्या वडलांना उशीला टेकवून भरवेल. तिच्या एका हाताला दुसऱ्या हाताची खबर नाही. मी ओरडलो. ताटल्या फुटल्या, दोन. ती म्हणाली, "दार आपटू नकोस, काच जाईल." मी आपटलं.

आज सकाळी बाबा काळा सूट घालून कोर्टाच्या इमारतीत गेले. निवडणुकीनंतरच्या शनिवारी निवडून आलेले बूथप्रमुख जमतात आणि काउंटी अध्यक्ष निवडतात. दरवेळी बाबांनाच निवडतात, मग सगळे सिगार ओढतात आणि तासाभरात घरी. दुपार झाली तरी आले नाहीत. आले ते मागच्या बाजूनं, अंगणातून. अजून पायरीवर बसलेत, रिकाम्या दोरीखाली, सूट घालूनच. मी जवळ गेलो तेव्हा म्हणाले, "क्रॅबिल झाला अध्यक्ष." मग म्हणाले, "क्लेमनंच नाव सुचवलं. क्लेमला मी आणला होता पक्षात." त्या कागदावर वर मोठी पदं होती, ती सगळ्यांनी वाचली. खाली बारीक अक्षरांत बूथप्रमुखांची नावं होती, सगळी क्रॅबिलच्या माणसांची. ती कधीच कोणी वाचत नाही. इतकी वर्षं त्या खुर्चीवर बसलेल्या माझ्या बापानंही वाचली नव्हती. क्रॅबिलनं निवडून आल्यावर "हार्लनच्या सेवेसाठी जोरात टाळ्या" म्हटलं, आणि टाळ्या जोरात पडल्या म्हणे. बाबा बुटांच्या नाड्या सोडत होते आणि मला ऐकू येईल न येईल असं म्हणाले, "एकच नाव मागितलं होतं रे त्यानं." मला आनंद व्हायला हवा होता. एप्रिलपासून मी या क्षणाची वाट बघत होतो. पण त्यांची नाडी गाठीत अडकली होती आणि बोटं चालत नव्हती, तर मी खाली बसून ती सोडवून दिली. आजोबांचा पक्ष एका दंतवैद्याच्या खिशात गेला, आणि तो घातला कोणी, तर न वाचणाऱ्यांनी आणि चिमटे देणाऱ्यांनी. चांगल्या माणसांनी, टिली. मला कोणाला मारायचं तेच कळत नाहीये, आणि आयुष्यात पहिल्यांदा मारावंसंही वाटत नाहीये.

तर हे पत्र एवढ्यासाठी. उद्या तू आणि तुझे वडील चर्चहून आमच्याकडे जेवायला येणार, तुझ्या पोशाखाची दुसरी मापं होणार, आणि जेवताना आपण दोघं सगळ्यांना लग्नाची तारीख सांगणार, असं ठरलं होतं. येऊ नकोस. आलीस तर आई दारातच तुला मिठी मारील, आणि तुला काहीच माहीत नसेल, आणि मी पुन्हा गप्प बसेन, आणि मग आयुष्यभर बसेन. तुला त्या स्टुलावर पुन्हा उभी राहिलेली मला बघवणार नाही, माझी आई तोंडात टाचण्या घेऊन तुझ्या पायाशी बसलेली असताना. ती आता टार्पबाईंना सूप द्यायला गेली आहे. शिवणयंत्रावर तुझ्या आईचा पोशाख आहे, अर्धा आत घेतलेला, कच्च्या पांढऱ्या टाक्यांचा. तो मी खोक्यात ठेवलाय. मला पोशाख घडी करता येत नाही, रागावू नकोस. तिच्या टाचण्या मी काढल्या नाहीत, जपून उचल. खोकं आणि हे पत्र तुमच्या पायरीवर ठेवीन आणि शिकागोच्या गाडीनं जाईन. तिथे माझा कॉलेजातला मित्र गोदीवर काम मिळवून देतो म्हणाला आहे. चल म्हणत नाही. तुझ्या वडलांना या गावात एकटं सोडून ये, असं कोणत्या तोंडानं म्हणू? आणि मी त्याच घरातला आहे, त्याच निळ्या दाराचा, हे कळल्यावर माझ्याबरोबर यावंसं वाटेल की नाही, ते तू ठरव. शुक्रवारी तुमच्या कुंपणावरून गेलो तेव्हा तो चिमटा तुझ्या दोरीवर होता, वडलांच्या चांगल्या शर्टाला लावलेला. इतर सगळ्या चिमट्यांत एकच निळी टोपी. काढून चुलीत टाकलास तरी मला समजेल. ठेवलास तर त्याचं नाव आजोबा आहे असं समज.

तुझाच,
एल्डन

आमच्या पुढच्या ओसरीवर उभा राहून पेन्सिलीनं लिहितोय. बाहेर पडलो. दार हळूच ओढून घेतलं, कडी नीट बसली. मागच्या पायरीवर बाबांना कळलंही नसेल की मी गेलो.